मधलं पाऊल जमिनीला लागतच नाही

मागच्या महिन्यात या सदरात सपाट तळव्यांबद्दल लिहिलं आणि नेमकी उलट तक्रार असलेल्यांची पत्रं येऊ लागली. कमान उंच, टाच आणि चवडा तेवढे जमिनीवर, मधे पोकळी. दोघांनी तर मी सपाट तळव्यांसाठी दिलेले व्यायाम करायलाही घेतले होते. ते वाचून मला काळजी वाटली, म्हणून या वेळचं सगळं सदर उंच कमानीच्या पायांना. कोल्हापुरात २२ वर्षं फिजिओथेरपी करताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. सपाट पायाला घरचे नावं ठेवतात आणि डॉक्टरकडे नेतात. उंच कमानीकडे मात्र "पाऊल किती रेखीव" म्हणून कौतुकानं बघतात, आणि दुखणं वर्षानुवर्षं मागे पडतं.

प्रश्न : वय ४४. प्राथमिक शाळेत शिकवते, रोज पाच तास उभी असते. दोन्ही पावलांना मधे मोठी पोकळी आहे. सकाळी पलंगावरून उतरताना टाच टेकवत नाही. दुपारनंतर चवड्याखाली खडे ठेवल्यासारखं होतं. मोबाइलवर बघून दोन महिने पायाच्या बोटांनी टॉवेल गोळा करायचा आणि गोट्या उचलायचा व्यायाम केला. दुखणं वाढलंच, शिवाय बोटंही वाकडी दिसायला लागली आहेत. माझं कुठे चुकतंय?
— एक शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : बाई, मेहनतीत तुम्ही कुठेच कमी पडला नाहीत. व्यायामच दुसऱ्या पायाचा होता.

आंघोळ झाली की ओल्या पायानं फरशीवर एक पाऊल टाका आणि बाजूला होऊन ठसा बघा. गौरी आणताना आपण मुठीच्या कडेनं कुंकवाची पावलं उठवतो ना, त्या पावलाला आतून बाक असतो, तरी टाच आणि चवडा बाहेरच्या कडेनं जोडलेले असतात. तुमच्या ठशात तो जोड अगदी चिंचोळा असेल, किंवा नसेलच. म्हणजे अंगाचं सगळं वजन टाच आणि चवडा या दोनच जागांवर उतरतं. शाळेतले पाच तास त्या दोघांनी सोसायचे, मधला तळवा अधांतरी.

दुसरी अडचण ताठरपणाची. पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाची दगडी कमान हलली तर घात होईल, पण पावलाची कमान हलायलाच हवी. पावलात २६ हाडं असतात. टाच टेकली की ती एकमेकांवर जराशी सैलावतात, कमान किंचित खाली बसते आणि दणका तिथेच जिरतो. पुढचं पाऊल टाकताना तीच हाडं पुन्हा घट्ट होतात, तेव्हा ढकलायला जोर मिळतो. उंच कमानीचा पाय घट्टच राहतो, सैलावण्याची पायरी त्याला जमत नाही. मग दणका वर पोटरीत, गुडघ्यात, कमरेत जातो.

आता टॉवेलचं. बोटांनी टॉवेल ओढताना जे लांब स्नायू राबतात ते नडगीच्या मागून निघून थेट बोटांच्या टोकापर्यंत येतात. तुमच्यासारख्या पायात ते आधीच जास्त ओढून असतात. त्यांना आणखी बळ दिलं की बोटं आत वळतात, वळलेली बोटं चवड्याची हाडं खाली दाबतात आणि त्या हाडांखालची चरबीची गादी पुढे सरकते. तुम्हाला जे खडे वाटतात ती तुमचीच हाडं आहेत, गादीवाचून टेकलेली.

ही चूक सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः केली आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या काकांना मी हाच टॉवेल सांगितला होता. तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा वळलेल्या बोटांचे सांधे सेफ्टी शूजच्या लोखंडी टोपणाला घासून सोलले होते. त्यांनी एकही दिवस व्यायाम चुकवला नव्हता. तेव्हापासून मी आधी पाय हातात घेऊन पिळून बघते, तो किती सैल होतो ते पाहते आणि मगच व्यायाम सांगते.

तुमच्यासाठी क्रम असा. पलंगावरून उतरण्याआधी, बसल्या जागी दुखणारा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या. हातानं पाचही बोटं नडगीकडे ओढा. तळव्यात टाचेपासून एक दोरी ताठ झालेली दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला लागेल. दहा आकडे मोजा, सोडा, असं दहा वेळा. मगच उभ्या राहा. पहिल्या पावलाची कळ यानं कमी होते. दिवसातून आणखी दोनदा करा, मधल्या सुट्टीत खुर्चीवर बसूनही जमेल.

मग तसंच बसून एका हातानं टाच धरा आणि दुसऱ्यानं चवडा. ओलं धुणं पिळतो तसं पाऊल हळूहळू पिळा, एकदा आत, एकदा बाहेर. जोर लावू नका. पंधरावीस वेळा. सुरुवातीला पाय लाकडासारखा वाटेल, तीनचार आठवड्यांत हाताला फरक कळतो. माझ्या मते उंच कमानीच्या पायासाठी हा सगळ्यांत मोलाचा व्यायाम आहे, आणि लोक नेमका हाच सोडून देतात, कारण यात घाम येत नाही.

पोटरी ताणायची ती भिंतीला हात लावून. एक पाय मागे, टाच जमिनीला, बोटं सरळ पुढे. मागचा गुडघा ताठ ठेवून ३० सेकंद, मग तोच गुडघा किंचित वाकवून ३० सेकंद, कारण पोटरीत एकाखाली एक असे दोन मोठे स्नायू आहेत आणि आतला गुडघा वाकवल्याशिवाय ताणला जात नाही. दोन्ही पायांना तीन तीन वेळा. यात एक बघा : ताण पोटरीत लागला तर ठीक. घोट्याच्या पुढच्या बाजूला अडकल्यासारखं झालं तर थांबा. काहींची पोटरी आखडलेली नसते, चवडाच टाचेच्या मानानं खाली झुकलेला असतो आणि तेवढ्यानं घोट्याची चाल संपते. अशा पायाची पोटरी कितीही ताणली तरी हाती काही लागत नाही. त्यांनी टाचेखाली जरा उंची असलेले बूट वापरावेत.

बोटांसाठी टॉवेल बंद, गोट्या बंद. त्याऐवजी हाताची बोटं पायाच्या बोटांत गुंफा आणि बोटं लांब, सरळ करा. मग पाय फरशीवर ठेवून बोटं न वळवता नुसती पसरायला शिका. आठवडाभर काहीच हलणार नाही, तरी करा.

शेवटी तोल. ओट्याशी उभ्या राहून, चहा उकळेपर्यंत, एका पायावर ३० सेकंद. वजन टाच, अंगठ्याचं बूड आणि करंगळीचं बूड या तिघांत वाटून द्या. अंगठ्याच्या बुडावर मुद्दाम दाब देऊ नका. उंच कमानीच्या बऱ्याच पायांत ते हाड आधीच खाली आलेलं असतं, ते आणखी दाबलं की टाच कलते.

रोज २० मिनिटं, निदान १२ आठवडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर आदल्या दिवशीचं निम्मं करा. आणि बाई, यानं तुमची कमान खाली येणार नाही, ठसाही बदलणार नाही. ती अपेक्षा ठेवू नका, नाहीतर तीन महिन्यांनी निराश होऊन सगळंच सोडाल. पाय सैल होईल, भार वाटला जाईल आणि पाच तास उभं राहणं सुसह्य होईल, एवढं मात्र मी अनुभवानं सांगते.

इन्सोलचं विचाराल म्हणून. दुकानात मिळणारे कडक, आतल्या बाजूला उंचवटा असलेले इन्सोल सपाट पायांसाठी असतात. तुम्हाला पूर्ण तळव्याला भिडणारा, मऊ, मापाचा इन्सोल हवा. २००६ साली ऑस्ट्रेलियात उंच कमानीच्या दुखऱ्या पायांच्या १५४ जणांवर तीन महिने याचा अभ्यास झाला. मापानं केलेल्या इन्सोलनं दुखणं नुसत्या पातळ इन्सोलपेक्षा स्पष्ट कमी झालं. वर्गात सपाट चप्पल नको, बूट घाला. फळ्यापुढे जाड रबरी मॅट मिळाली तर फारच उत्तम.

प्रश्न : वय १९. पेठेच्या संघातून फुटबॉल खेळतो. उजवा पाय यंदा तिसऱ्यांदा मुरगळला, दरवेळी आत वळतो. आंबेहळदीचा लेप लावला, चार दिवसांत सूज उतरली की परत मैदानात. टीममधला एक दादा म्हणतो, तुझी कमान उंच आहे म्हणून होतंय. बुटात कमानीचा टेकू घालू का?
— एक खेळाडू, मंगळवार पेठ

उत्तर : टेकू आत्ता घालू नकोस. तुझ्या दादाचं निदान बरोबर असावं, पण आतून टेकू दिला तर पाय आणखी बाहेरच्या कडेवर कलेल आणि चौथ्यांदा मुरगळेल.

घरी कुणाला तरी समोर बसव आणि तू सरळ उभा राहा. समोरून बघताना तुझ्या टाचेची गादी आतल्या बाजूनं डोकावते का, हे त्याला विचार. डोकावत असेल तर टाच आत कललेली आहे. नीट उभा असतानाच तू बाहेरच्या कडेवर आहेस, मग वळताना किंवा हेडर मारून उतरताना पाय उलटायला कितीसा वेळ लागणार?

आम्ही दवाखान्यात एक साधी तपासणी करतो. साधारण २.५ सेंटीमीटर जाडीच्या लाकडी फळीवर टाच आणि पावलाची बाहेरची कड ठेवायची, अंगठ्याचं बूड फळीच्या बाहेर मोकळं सोडायचं. टाच आपोआप सरळ झाली तर मागचा पाय अजून सैल आहे, कलण्याचं मूळ पुढे चवड्यात आहे. अशा पायाला व्यायाम आणि बाहेरच्या बाजूनं किंचित उंच केलेला इन्सोल चांगला लागू पडतो. टाच सरळ झालीच नाही तर अस्थिरोगतज्ज्ञांचं मत घ्यावं लागतं. ही तपासणी करून घे, घरी अंदाजानं ठरवू नकोस.

तुझा मुख्य व्यायाम घोट्याच्या बाहेरच्या स्नायूंचा. पाय पुढे पसरून बस. रबरी पट्टीचं एक टोक पलंगाच्या पायाला बांध, दुसरं पावलाभोवती घे, असं की पट्टी पावलाला आत ओढेल. गुडघा न हलवता पाऊल बाहेर ढकल आणि परत येताना सावकाश, चार आकडे मोजत ये. हे परत येणंच महत्त्वाचं, कारण पाय उलटत असताना या स्नायूला नेमकं हेच करायचं असतं, लांबत लांबत थोपवून धरायचं. पंधरा पंधराचे तीन फेरे, दिवसाआड. त्यासोबत रोज एका पायावर तोल, आधी डोळे उघडे, मग मिटून, मग दुमडलेल्या सतरंजीवर, मग मित्रानं टाकलेला बॉल झेलत. घोटा मुरगळला की सांधा बांधून ठेवणाऱ्या शिरा तर ताणतातच, शिवाय पावलाची जाणीवही बोथट होते, पाय कलतोय हे मेंदूला उशिरा कळतं. ती जाणीव लेपानं परत येत नाही, तोलाच्या सरावानं येते.

मैदानात परत कधी? दुखऱ्या पायावर सलग उड्या मारता आल्या, आठाच्या आकड्यात पळता आलं आणि दुसऱ्या दिवशी सूज आली नाही, की मग. दिवस मोजून नको. पहिले काही महिने खेळताना घोट्याला टेप किंवा ब्रेस लाव.

आणि एक ताकीद. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता आली नाहीत, घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखलं, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो तिथे दाबून दुखलं, तर त्याच दिवशी एक्स-रे. करंगळीच्या त्या लांब हाडाला उंच कमानीच्या खेळाडूंत तडा जातो, आणि तिथला रक्तपुरवठा तोकडा असल्यानं तो सावकाश भरतो. मुरगळलंय समजून त्याच्यावर सामना खेळलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यातल्या काहींना नंतर आत स्क्रू घालावा लागला.

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी पाय बरे होते, आता कमान वर वर जाते आहे, बोटं वळताहेत. सपाट रस्त्यावर अडखळतो, चप्पल पायातून निसटते आणि त्याला कळतही नाही. माझ्या वडिलांचे पायही असेच होते, पोटऱ्या काटकीसारख्या. कोणता व्यायाम करून घेऊ?
— एक वडील, कागल तालुका

उत्तर : दादा, व्यायाम थोडा थांबू द्या. आधी मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे, म्हणजे न्यूरोलॉजिस्टकडे जा, याच महिन्यात.

मोठ्या माणसाची जन्मापासूनची, दोन्हीकडे सारखी, न बदलणारी उंच कमान ही ठेवण असू शकते. वाढत्या वयात बदलत जाणारी कमान ही नुसती पायाची गोष्ट नसते. तुम्ही लिहिलेल्या तीन खुणा, अडखळणं, चप्पल निसटल्याचं न कळणं आणि आजोबांच्या बारीक पोटऱ्या, या एकत्र आल्या की आनुवंशिक मज्जातंतूंचा एक आजार डोळ्यांपुढे येतो. शार्को, मारी आणि टूथ या तीन डॉक्टरांनी तो १८८६ साली नोंदवला आणि त्यांच्याच नावानं तो ओळखला जातो. साधारण २५०० माणसांत एकाला असतो, म्हणजे वाटतो तितका दुर्मीळ नाही. यात पावलाकडे जाणाऱ्या नसा हळूहळू मंदावतात, पाऊल वर उचलणारे आणि बाहेर वळवणारे स्नायू आधी थकतात, त्यांच्या विरुद्ध बाजूचे ओढत राहतात आणि कमान चढते. नसांचा वेग मोजणारी तपासणी आणि गरज पडली तर रक्तावरून जनुकीय तपासणी, यातून निदान होतं.

हा आजार बहुधा आयुष्य कमी करत नाही, हे आधी मनाशी धरा. मूळ बरं करणारं औषध आज हातात नाही. पण पाऊल आखडू न देण्यासाठी ताण, बेताच्या ताकदीचे व्यायाम, पाऊल खाली लोंबू नये म्हणून हलका आधार (स्प्लिंट) आणि योग्य वयात गरज वाटली तर शस्त्रक्रिया, यांनी ही मुलं शाळेत जातात, शिकतात, कमावती होतात. वेळ मात्र दवडू नका, पाय सैल आहे तोवर पुष्कळ करता येतं. आणि त्याला "नीट चाल" म्हणून ओरडू नका. पाऊल उचलणं त्याच्या हातात नाही.

एकाच पायाची कमान नव्यानं चढायला लागली असेल तर तेही तितकंच तातडीचं. तेव्हा पाठीच्या कण्याचा एमआरआय लागू शकतो, कारण मूळ मणक्यात असण्याची शक्यता असते. तुमच्या मुलाचे दोन्ही पाय तसे आहेत का, हे पत्रात नाही. डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांचं म्हणणं कळलं की मला पुन्हा लिहा, मग व्यायाम ठरवू.

प्रश्न : वय ६१, मधुमेह १४ वर्षं. पायांची कमान उंच झालीय, चवड्याखाली भोवरी झालीय. दर नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालते आणि जोतिबालाही तशीच जाते. मुलगा म्हणतो, चालशील तर व्यायाम होईल.
— एक आजी, शुक्रवार पेठ

उत्तर : आजी, मुलाचं चालण्याबद्दलचं बरोबर, अनवाणीबद्दलचं नाही. मधुमेहात पावलातल्या बारीक नसा मरतात तेव्हा पावलातले छोटे स्नायू सुकतात, बोटं वळतात आणि कमान चढल्यासारखी दिसते. म्हणजे तुमच्या कमानीमागे मधुमेह असण्याची दाट शक्यता आहे. आणि ज्या पायाला टोचलेलं कळत नाही त्या पायाची भोवरी म्हणजे वर झाकण असलेली जखम असू शकते. ब्लेडनं कापू नका, औषधी पट्टी लावू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा टेकवून पायाची संवेदना तपासतात. ती तपासणी वर्षातून एकदा तरी हवीच.

व्यायामात बाटली किंवा लाटणं पायाखाली घोळवणं तुम्हाला वर्ज्य, गरम पाण्याचा आणि बर्फाचा शेकही. बसून घोटे वर-खाली करणं, हातानं पोटरी ताणणं, खुर्ची धरून उभं राहणं एवढं करा. रोज रात्री सुनेच्या किंवा नातवंडाच्या हाती बॅटरी देऊन तळवे बघून घ्या.

माझ्या आईनंही वर्षानुवर्षं अनवाणी नवरात्र केलं होतं, मधुमेह झाल्यावर मी तिला थांबवलं. ती दोन दिवस बोलली नाही. मग आमच्या गुरुजींनीच तिला नऊ दिवस एकवेळ मौनाचं व्रत घ्यायला सांगितलं, आणि तिनं ते मनापासून पाळलं. तुम्हीही तुमच्या गुरुजींना विचारा. देवळाच्या आत चप्पल काढावीच लागते, तेव्हा जाड सुती मोजे घाला आणि उन्हानं फरशी तापायच्या आत, सकाळी लवकर दर्शन घ्या.

प्रश्न : कापशी घाटाची कोल्हापुरी चप्पल सोडवत नाही, पण पाऊलही दुखतं. कायमची सोडावी का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सोडू नका, तिची वेळ ठरवा. कातड्याच्या थरांचा तळ सपाट आणि कडक असतो, तो दणका शोषत नाही. चप्पल सैल असली की ती पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळावी लागतात आणि उंच कमानीच्या पायात तीच तर मूळ तक्रार आहे. तेव्हा लग्नकार्य, देवदर्शन, तासाभराची बैठक इथे कापशी घाला. शेतावर, बाजारात, लांबच्या चालण्याला मऊ तळाचे बूट. उंच पावलाला तयार मापाचा पट्टा वरून काचतो आणि तिथली नस दबून बोटांत मुंग्या येतात. म्हणून तयार जोड घेण्यापेक्षा कारागिराकडून बांधून घ्या. पाऊल किती उंच आहे ते त्याला पट्ट्याच्या जागी सुतळी गुंडाळून मापायला सांगा, अंगठा सैल नको म्हणा, आणि आतून मऊ कातड्याखाली पातळ रबराचा थर घालता येईल का ते विचारा. माप द्यायला संध्याकाळी जा, तेव्हा दिवसभराच्या चालण्यानं पाऊल थोडं फुगलेलं असतं.